एकच धुराची चिमणी

सत्तेचाळिसाव्या वर्षी विमान चालवायला शिकणाऱ्या बाईबद्दल लोकांना दोनच शंका असतात. घरच्यांना चालतं का, आणि वजन किती. दोन्हींची उत्तरं मी आधीच तयार ठेवली होती. पहिलं खरं होतं.

मी सांगलीत, विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या कार्यालयात अधीक्षक आहे. परीक्षेच्या बैठकव्यवस्थेपासून गच्चीवरची टाकी धुण्यापर्यंत प्रत्येक कामाची यादी माझ्याकडे असते. ती वेळेवर कुणी वाचत नाही, पण काही बिघडलं की सगळे माझ्याच टेबलाशी येतात. त्यामुळे डोक्यात थोडी हवा होतीच. दर शनिवारी-रविवारी मी सातारा जिल्ह्यातल्या, कृष्णाकाठच्या एका छोट्या धावपट्टीवर जायचे. शिकवणारे सर लष्करातून निवृत्त झालेले, तिथल्याच खेड्यातले.

सरांनी माझं एकटीने सांगलीपर्यंत जाऊन परत यायचं उड्डाण ठरवलं. त्याच्या पंधरा दिवस आधी सरांबरोबर एकदा उडून मी ती वाट बघून ठेवली. सरांनी नकाशावर पेन्सिलीने रेघ मारून दिली होती, शेजारी दिशेचे अंश, मिनिटं, खाडाखोड. मला असला गचाळ कागद बघवत नाही. घरी येऊन मी स्वच्छ यादी केली आणि प्लास्टिकच्या पाकिटात घातली. परतीच्या वाटेचा तिसरा मुद्दा असा: ‘धूर निघणारी साखर कारखान्याची चिमणी डाव्या हाताला ठेवून सरळ.’

सरांबरोबर गेले त्या दिवशी धूर खरोखर एकाच चिमणीतून निघत होता. गळीत हंगाम नुकताच सुरू होत होता आणि तेवढ्याच एका कारखान्याचा बॉयलर पेटला होता. माझा जन्म याच ऊसपट्ट्यातला. ऊस कधी तुटतो, गाळप कधी भरात येतं, हे मला शाळेपासून ठाऊक. तरी यादी करताना हे सगळं डोक्यातून गेलं कुठे, ते मला अजून सांगता येत नाही.

एकटीने सांगली गाठली. वरून आमची कॉलनीही ओळखली. खूश होऊन वळले आणि समोर पाहिलं तर धूरच धूर. मोजल्या तेव्हा सहा चिमण्या भरल्या. मी त्यातली सगळ्यात जाड धुराची निवडली, कारण तिच्यात आत्मविश्वास दिसला, आणि तिला डाव्या हाताला ठेवून सरळ निघाले.

होकायंत्र काही वेगळंच दाखवत होतं. मी त्यावर नखाने टकटक केलं, ऑफिसातल्या घड्याळावर करते तसं. यादी चुकेल हे मनात आलं नाही, पण यंत्र बिघडलं असेल हे लगेच पटलं.

दहा मिनिटांत नदी दिसायला हवी होती. वीस झाली. खालचा ऊस विरळ होत गेला, मग उघडे माळ लागले. नकाशा पाहू म्हटलं, तर तो पिशवीत, पिशवी सीटच्या मागे. पट्टा ताणून मी मागे हात घातला, दुसऱ्या हाताने सुकाणूचा दांडा नकळत पुढे ढकलला गेला आणि विमानाने नाक खाली टाकलं. काचेत आभाळाऐवजी माळ आला. दोन्ही हातांनी विमान सावरलं. पिशवी तिथेच राहिली.

पाच वाजून गेले होते. सहाला दिवस मावळणार आणि आमच्या धावपट्टीवर दिवे नाहीत. अंधाराआधी ती सापडली नाही तर उतरायचं कुठे?

तरीही रेडिओचं बटण दाबायला मला आणखी पाच मिनिटं लागली. ‘मी हरवले’ हे वाक्य मी ऑफिसात कधी म्हटलेलं नाही. शेवटी शिकवल्याप्रमाणे इंग्रजीत, फार नीटनेटकं बोलले. पलीकडून सर मराठीत आले, तेव्हा कळलं की प्रकरण गंभीर आहे.

“आवं मॅडम, खाली काय दिसतंय?”

“चिमणी, सर.”

“चिमणी ऱ्हाऊ द्या! जमीन हिरवी हाय का तांबडी?”

“तांबडी. मेंढरं आहेत.”

“मंग तुमी पार पूर्वेला, आटपाडीच्या वाटंला लागलाय. सूर्य कुठं हाय?”

“मागे, डावीकडे.”

“त्येला फुडं घ्या. होकायंत्रावर पश्चिम आली का?”

“आली. पण ते यंत्र जरा...”

“यंत्र बरोबर हाय. तुमीच चुकलाय. पयली बारकी नदी लागंल, ती येरळा, ती सोडा. दुसरी मोठी, ती आपली कृष्णा. तिला लागलं की उजवीकडं वळा. आन् दर पाच मिनटाला माझ्याशी बोलत ऱ्हावा.”

“काय बोलू?”

“भाजी काय केलीया सकाळी, त्ये सांगा.”

मी मेथी सांगितली. पाच मिनिटांनी डाळ सांगितली. येरळा आली, सोडली. सूर्य डोळ्यांत आणि डोळ्यांत पाणी, त्यामुळे कृष्णा आधी नीट दिसलीच नाही. एकदम खाली चकाकली. उजवीकडे वळले. धावपट्टीच्या टोकाशी सर जीपचे दिवे लावून उभे होते. तीन उड्या मारत मी उतरले.

इंजिन बंद केलं. सरांनी दार उघडलं, मागची पिशवी काढली आणि नकाशा माझ्या मांडीवर पसरला. माझी यादी त्यांनी वाचली, एकदा नाही, दोनदा.

“अक्षर लय ग्वाड हाय,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “सर, मी आठ दिवस विश्रांती घेते.”

“आठ दिवसांनी तुमी येनार न्हाई. उद्या सकाळी आठला. मी बरोबर. रेघ तुमी मारायची, खोडायचं बी तुमीच.”

रात्रभर न येण्याची कारणं मी लिहीत होते. अकरा झाली, सगळी मुद्देसूद. सकाळी पावणेआठला मी धावपट्टीवर होते, कानामागे पेन्सिल अडकवून, आणि सर अजून आले नव्हते म्हणून चिडलेली.