आकडा नव्वदच होता

मी विमानातून उतरून परत आलेली बाई आहे. नागपूरला दार लागलं, कानांना दडे बसले, आणि मी पट्टा सोडून उभी राहून ओरडायला लागले, "उघडा, मले उतरू द्या!" तीस वर्षं अकोल्याच्या शाळेत गणित शिकवलं, नुसत्या नजरेनं वर्ग चिडीचूप करायची मी, आणि त्या दिवशी विमानातल्या दोन पोरींनी दंडाला धरून मला शिडीवरून खाली आणलं. लाज वाटली का? वाटली. पण पाय जमिनीला लागले तेव्हा आधी जिवात जीव आला, लाज नंतर आली.

लेक कॅनडात असते. तिचं पहिलं बाळंतपण असं माझ्याशिवाय पार पडलं. यंदा दुसऱ्या खेपेला तिचं बीपी वाढलं, डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं. जावई कामावर, घरात तीन वर्षांची नात. फोनवर ती एवढंच म्हणाली, "आई, या वेळी तरी ये." जूनच्या पहिल्या आठवड्यातलं तिकीट आलं. हे गेल्यापासून मी एकटीच, त्यामुळे सोबतीला कोणी नाही. तिकीट मी कपाटात साड्यांच्या खाली सरकवून ठेवलं.

माझे धाकटे दीर अमरावतीला राहतात. बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. रिटायर झाले आणि संगणकावर विमानं उडवायच्या नादी लागले. खऱ्या विमानात एकदाही बसलेले नाहीत, पण कोणत्या विमानाचं चाक कधी आत जातं ते झोपेतही सांगतील. माझं रडगाणं ऐकून म्हणाले, "वहिनी, तुमी दर शनवारी या. मी तुमाले घरीच विमानात बसवतो. भेव कुठच्या कुठं पळते पाहा."

मग मेच्या उन्हात अकोला-अमरावती बस सुरू झाली. पहिल्या शनिवारी त्यांनी मला खुर्चीत बसवलं, कंबरेला एका जुन्या बसचा पट्टा बांधला आणि डोळ्यांवर संगणकाला जोडलेला, जाडजूड चष्म्यासारखा हेडसेट चढवला. घाण्याच्या बैलाला झापड बांधतात ना, अगदी तसं. झापडीच्या आत मात्र खरोखरचं विमान! मी खिडकीजवळ, शेजारी रांगा, बाहेर धावपट्टी. मान वळवली की तिकडचं दिसायचं. भाऊजी बाहेर बसून विमान चालवणार आणि मी आत नुसती बसणार, असं ठरलं होतं.

विमान धावायला लागलं. मी घाबरून खिडकीकडे मान वळवली, आणि खिडकी आलीच नाही. मान वळली, विमान जागच्या जागी अडकलं, मग झटक्यानं सगळं फिरलं. अगा माय! पोटातलं सगळं गळ्याशी आलं. "भाऊजी!" म्हणून मी किंचाळले. त्यांनी तिथल्या तिथे विमान थांबवलं, झापड काढली. समोर जाऊ पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

"तुमचं काई चुकलं नाई वहिनी," भाऊजी म्हणाले. "कार्ड तापलं." मग त्यांनी मला समजावलं. या झापडीत दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं लागतात, आणि सेकंदाला नव्वद वेळा. ती काढायचं काम संगणकातल्या एका कार्डाचं. संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात एक आकडा असतो, झापडीत तो दिसत नाही. नव्वद असला तर हिरवा. कार्डाला दम लागला की आकडा चाळिसावर, तिसावर येतो, चित्र मानेच्या मागे पडतं आणि माणसाला मळमळतं.

मला काय आनंद झाला! म्हणजे घाबरत होतं ते कार्ड. मी ठणठणीत.

पुढचे दोन शनिवार आम्ही दोघांनी त्या कार्डाची सेवा केली. भाऊजींनी सावल्या काढल्या. ढग काढले. झाडं काढली, घरं काढली, विमानातले उतारूसुद्धा काढून टाकले. "मले ढग काहाले पायजे?" मी म्हणायची. तरी मे महिना तो, खोलीतच भट्टी पेटलेली. विमान धावायला लागलं की माझी छाती धडधडायची, मी "भाऊजी!" ओरडायची, ते थांबवायचे. "कार्ड," ते म्हणायचे. "कार्डच," मी म्हणायची. मग चहा. जमिनीवरून आमचं विमान वीतभरही उचललं नव्हतं.

चौथ्या शनिवारी गेले तर भाऊजी एकदम खुशीत. संगणकाच्या डब्याची एक बाजू काढून तो त्यांनी सरळ मोठ्या लोखंडी कूलरच्या तोंडाशी ठेवला होता. आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्यात जे तापेल ते कूलरपुढे ठेवायचं, मग ते माणूस असो की दुधाचं पातेलं. वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून गार वारा भसाभसा त्या कार्डावर. वीज आणि पाणी जवळ नको, हे मी पोरांना फळ्यावर लिहून दिलेलं आहे. तरी मी म्हटलं, "वा भाऊजी, डोकं लावलं!"

बसले. मान वळवली, खिडकी लोण्यासारखी वळली. विमान धावलं. माझे हात पट्ट्यावर आवळले, कानात तेच दडे, तेच नागपूर. "भाऊजी!"

थांबलं.

"कार्ड तापलं वहिनी."

"खोटं नका बोलू," मागून जाऊ म्हणाली. तिचा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नव्हता. "आकडा नव्वदच व्हता. मी पायलं. बाई घाबरते, अन् तुमाले तिचं घाबरणं पाहावत नाई. मांगच्या शनवारीबी तुमी असंच केलं."

मी झापड काढली. मोठ्या भावाची बायको, तीही एकटी, तिला डोळ्यांदेखत कसं घाबरू द्यायचं? मानापोटी खोटं बोलत होता बिचारा माणूस. आणि मी? मला ते खोटं हवंच होतं. ज्या कार्डावर महिनाभर सगळं ढकललं, ते मुकाट्यानं आपलं काम करत होतं. विमानाला सहा दिवस उरले होते.

"तू चालव," मी जावेला म्हटलं. "अन् मी कितीबी बोंबलली तरी थांबवू नको."

"मले उडवता येत नाई."

"भाऊजी उडवतील. थांबवायच्या बटनावर तू हात ठेव. अन् दाबू नको."

तिनं भाऊजींचा हात तिथून चक्क उचलून बाजूला ठेवला. मी झापड परत चढवली. विमान धावलं. मी ओरडले, रडले, जावेला नाही नाही ते बोलले, तिच्या माहेराचाही उद्धार केला. तिनं बटन दाबलं नाही. खाली धावपट्टी सुटली. विमान वर, आणखी वर, आणि फट्ट! डोळ्यांपुढे काळोख. जळकट वास आला. कूलरच्या तुषारांनी कार्डाचा निकाल लावला होता. भाऊजी मेन स्विचकडे धावले, जाऊ ओरडली, "बाई, काढा ते डोळ्यावरचं!"

माझा सगळा खरा सराव एवढाच. मिनिटभराचा.

सहा दिवसांनी नागपूरला खऱ्या विमानाचं दार लागलं तेव्हा मला वाटलं होतं, काहीतरी फरक पडेल. शून्य! तेच दडे, तोच घाम, उलट जास्तच, कारण आता दोष द्यायला काहीच नव्हतं. विमान अख्खं भरलेलं. घरच्या विमानात आम्ही उतारू ठेवलेच नव्हते, आणि इथे माणसाला माणूस चिकटलेला. पट्ट्याच्या कडीवर माझी बोटं गेली. हवाई सुंदरीनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"नाही," मी म्हटलं. आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून त्यांच्यावर बसले. विमान उचललं तेव्हा मी किंचाळले. शेजारचा माणूस दचकला, पुढच्या रांगेतली माणसं वळली. कोणीही काहीही थांबवलं नाही. पुढे दिल्लीहून निघालेल्या मोठ्या विमानात किती तास मी डोळे मिटून, देवाचं नावही न सुचता बसले, ते मी मोजलं नाही.

लेक अंथरुणावर पडून होती. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले. मी तिच्या कपाळावर हात ठेवला.

"आई, हात काहून कापून राहिला तुझा?"

"भेव लागलं माय. लय भेव लागलं. आता बी लागून राहिलं."

तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. कशी आहेस विचारलं की इतके महिने फोनवर ती मला नुसतं "ठीक आहे" सांगत होती.

"मलेबी लय भेव लागून राहिलं, आई," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मी बॅग दारातच सोडली आणि तिच्या शेजारी आडवी झाले.