आप्पांनी मला सांगितलेली गोष्ट

आप्पा गेल्याचा फोन सकाळी आला आणि मी पहिलं काम केलं ते ऑफिसला कळवायचं. रडणं नंतर, आधी बातमी... सवयच तशी लागलेली. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चौकट आली. फोटो चांगला होता, मजकूरही बरा होता, आणि शेवटच्या ओळीत छापलं होतं, ‘त्यांच्या निधनाने सर्वत्र हळहळ व्यक्त होत आहे.’ हे वाक्य आप्पांनी, ते संपादक होते तोवर, आमच्या सांगलीच्या दैनिकात कधी येऊ दिलं नाही. “कोण हळहळलं रं? भेटलास का त्याला?” असं विचारून ते कॉपी परत करायचे. नेमकं त्यांच्याच बातमीत ते घुसलं, आणि ते पान छपाईला सोडणारा मीच होतो.

पंधराएक दिवसांनी माधवनगरला त्यांच्या घरी गेलो. काकूंनी चहा दिला, समोर बसल्या आणि इकडचं तिकडचं काही न बोलता सरळ विचारलं, “बैरुत सोडल्यापासनं त्यांच्या मनात कायतरी सलत हुतं. मला कवाच सांगितलं न्हाई. तुमी दोघं साताऱ्यासनं आला, त्या दिवशी मात्र म्हणाले, आज त्याला सगळं सांगून टाकलं. काय सांगितलं रं तुला?” मला काहीच आठवेना. आप्पांनी मला काहीही सांगितलं नव्हतं. पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून तसं म्हणायचा धीर झाला नाही. “रविवारी येतो काकू, निवांत बोलू,” असं म्हणून मी पळ काढला. पळ काढला, दुसरा शब्द नाही.

आप्पा मगदूम मूळचे कवठे महांकाळकडचे, जिरायती शेतकऱ्याच्या घरातले. दिल्लीच्या एका वृत्तसंस्थेने त्यांना परदेशात धाडलं आणि बरीच वर्षं ते बैरुतला, पुढे मॉस्कोला वार्ताहर होते. तिथून उठून हा माणूस आमच्यासारख्या जिल्हा दैनिकात आला तेव्हा आम्हाला वाटलं, आता हे रोज जगाचं राजकारण शिकवणार. त्यांनी पहिल्या दिवशी काय मागितलं, तर मार्केट यार्डातले हळदीचे आणि बेदाण्याचे भाव. ते ताडून बघितल्याशिवाय पान सोडायचे नाहीत. मी एकदा चेष्टेने म्हणालो, “आप्पा, युद्धं बघितलेल्या माणसानं बेदाणा तपासत बसायचं?” ते हसले नाहीत. म्हणाले, “हळदीचा भाव चुकला तर माणूस संध्याकाळपर्यंत दारात येतो. तिकडनं चुकीचं पाठवलं तर कोण येणार हाय?” तेव्हा मला ते वाक्य नुसतं चटकदार वाटलं होतं. एका व्याख्यानात मी ते माझं म्हणून वापरलंसुद्धा.

नावांच्या बाबतीत तर ते हट्टीच होते. एका गावात टँकरवाल्याची दमदाटी चालायची. तिथल्या एका बाईने मला सगळं सांगितलं, मी तिचं नाव-गाव देऊन झकास बातमी केली. पान छपाईला निघालेलं असताना आप्पांनी ते थांबवलं. “तिला विचारलंस, नाव छापू का म्हणून?” मी म्हटलं, “ती स्वतःच बोलली की.” त्यावर ते असे भडकले की सगळा विभाग उभा राहिला. “बोलली तुझ्यासंगं. छापल्यावर त्या गावात ऱ्हाणार ती, तू न्हाई!” नाव काढलं, बातमी बिननावाची छापली, आणि मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. मुरलेला पत्रकार असल्याचा मला फार ताठा होता. एवढा शांत माणूस त्या दिवशी इतका का पेटला, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही.

काकूंकडून आल्यावर आठवडाभर मी तो साताऱ्याचा प्रवास उकरत राहिलो. दोन-अडीच महिन्यांपूर्वीची गोष्ट. एका कॉलेजात आप्पांचं भाषण होतं आणि मीच त्यांना गाडीतून नेलं होतं. परत निघताना काकूंसाठी कंदी पेढे घेतले. आप्पा माझ्या डाव्या हाताला बसले होते आणि नेहमीप्रमाणे रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत होते. ही त्यांची जुनी खोड. ‘शुद्ध शाकाहारी’मधलं ‘शुद्ध’ कुणी धड लिहिलेलं दिसलं तर त्या हॉटेलात चहा प्यायचा, असा त्यांचा नेम होता. दुपारची वेळ, रस्ता मोकळा. उंब्रज मागे पडल्यावर ते एकदम म्हणाले, “बैरुतात माझ्याकडं एक ड्रायव्हर हुता रं...” आणि तेवढ्यात माझ्या कानात फोन वाजला.

माझ्या उजव्या कानात ब्लूटूथ होता. बोट लावलं की फोन सुरू. ऑफिसातून आमचे एक उपसंपादक बोलत होते. त्या दिवशीच्या अंकात त्यांच्या हातून कुणाच्या तरी वाढदिवसाच्या जाहिरातीवर श्रद्धांजलीची पट्टी लागली होती आणि ते बिचारे सकाळपासून शिव्या खाऊन रडकुंडीला आले होते. मी रस्त्याकडे बघत त्यांचं ऐकत होतो. “हं... हं... बरं, मग?...” डाव्या बाजूला आप्पांचं हळू आवाजात काहीतरी चालू होतं. मला वाटलं, पाट्या वाचताहेत. शेवटी मी त्या उपसंपादकांना म्हणालो, “मुद्दाम नाही केलं तुम्ही. झालं ते झालं. आता मनातून काढून टाका.”

आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. त्यांना कानातलं ते यंत्र दिसलंच नव्हतं... ते उजव्या कानात होतं. पुढे ते कऱ्हाडपर्यंत गप्प होते आणि नंतर चक्क झोपले. माधवनगरला उतरताना म्हणाले, “बरं वाटलं रं गड्या.” भाषण चांगलं झालं म्हणून म्हणाले असतील, असं मी समजलो.

हे सगळं एकापुढे एक जुळलं तेव्हा कुठे कळलं. आयुष्यभर जे कुणाजवळ काढलं नाही ते त्या माणसाने माझ्याजवळ काढलं, आणि मी एका जाहिरातीपायी दुसऱ्याचीच समजूत घालत होतो. ज्या चुकीची मला गंधवार्ता नव्हती, तिची मी त्यांना माफी देऊन टाकली. मला माझी लाज वाटते. दुसरं काही लिहायला सुचत नाही.

रविवारी गेलो. वाटेत दोनदा ठरवलं की काकूंना काहीतरी रचून सांगावं. एखादी बरीशी गोष्ट, त्यांचं मन शांत होईल अशी. मला ती लिहिता आली असती, अर्ध्या तासाचं काम. पण आप्पांच्या नावावर खोटी बातमी द्यायची?... नाही जमलं. सगळं सांगितलं; फोन, कानातलं यंत्र, पाट्या, श्रद्धांजलीची पट्टी. काकू ऐकत होत्या. मध्येच त्यांनी स्वतःच्या कानाला हात लावून बघितला, मी म्हणतो ते नेमकं कुठे असतं ते कळायला.

“त्यांना कळलं न्हाई नव्हं?” त्यांनी विचारलं.

“नाही काकू.”

“त्या दिवसापासनं लय चांगली झोप लागत हुती त्यांना.” काकू म्हणाल्या. मी उठायच्या बेतात होतो. तेव्हा त्या म्हणाल्या, “त्या ड्रायव्हरचं नाव तरी ऐकलंस का रं?”

मी ‘नाही’ म्हणालो.