उरुग्वेला निघालेले मेहुणे

माझ्या मेहुण्यांनी उभ्या आयुष्यात खंडाळ्याचा घाट ओलांडला नाही. परंतु उरुग्वे देशात समुद्राकाठच्या घरात कोणत्या खिडकीशी बसले असता दुपारचे ऊन पायांवर येते, हे त्यांना ठाऊक होते. मेहुणे म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. बंदरावरच्या एका जहाज-एजंटाच्या कचेरीत ते कारकून होते. त्यांचे नाव सांगत नाही. त्यांना ते आवडले नसते. त्यांच्या मते नाव ही माणसाला हाका मारून त्रास देण्यासाठी इतरांनी करून घेतलेली सोय आहे. आवाज त्यांना सोसत नसे. गिरगावात असताना नळाचा, जिन्याचा, शेजारच्या पेटीचा आणि वरच्या मजल्यावरील पाट्या-वरवंट्याचा आवाज यांविरुद्ध त्यांनी एकाकी झुंज दिली. शेवटी खाडीवर पूल झाला आणि पलीकडे सरकारी घरे मिळू लागली, तेव्हा पहिल्या काही बिऱ्हाडांत ते वाशीला राहावयास गेले. वाशीत तेव्हा माणसांपेक्षा दिव्यांचे खांब अधिक होते आणि खांबांपेक्षा डास. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला गच्चीत उभे केले आणि म्हणाले, "ऐका." मी ऐकले. काहीच ऐकू आले नाही. "बघा!" ते विजयाने म्हणाले.

माझ्या बहिणीविषयी येथे सांगितले पाहिजे, कारण या माणसाची शांतता तिला महाग पडली. ती लहानपणापासून बोलकी. गिरगावात तिचे हसणे दोन मजले वर जाई, आणि भाजी निवडताना समोरच्या सज्जातील बायकांशी तिचे बोलणे संपत नसे. वाशीत समोर सज्जा नव्हता, सज्जा सोडा, समोर इमारतच नव्हती. पहिल्या वर्षी ती दूधवाल्याला दारात थांबवून त्याच्या गावच्या म्हशींची चौकशी करी. दुसऱ्या वर्षी तेही थांबले. पुढे ती मान हलवून उत्तरे देऊ लागली, जेवणावरून तिचे मन उडाले, आणि मुले शाळेत गेली की ती खिडकीशी बसून चिखलाकडे पाहत राही. डॉक्टरांना काही सापडले नाही. मी मेहुण्यांना म्हणालो, "तिची तब्येत मला बरी दिसत नाही." ते म्हणाले, "दादा, उलट आहे. तिला आता कुठे स्वस्थता मिळते आहे. एक शब्द तक्रारीचा नाही!" जेथून तक्रार येत नाही तेथे सुख आहे, असा त्यांचा सिद्धांत होता, आणि तो त्यांनी घराला व देशांना सारखाच लावला होता.

उरुग्वे त्यांना असाच सापडला. कचेरीत आलेल्या कोणा वयस्क खलाशाने सांगितले की, दक्षिण अमेरिकेत असा एक लहानसा देश आहे, जेथे दुपारी कुत्रासुद्धा भुंकत नाही. मेहुण्यांनी वर्तमानपत्रे चाळली. त्या देशाची बातमी कोठेच नव्हती. यावरून तो देश जगात सर्वांत सुखी आहे हे सिद्ध झाले, आणि सहकुटुंब तेथे जाऊन महिनाभर काही न करण्याचा बेत ठरला. त्यासाठी त्यांनी रजा घेणे सोडले. मुलांना मावशीकडे नेण्यास रजा नाही, बहिणीला माहेरच्या मंगळागौरीस पोचवण्यास रजा नाही, स्वतःला ताप आला तरी रजा नाही. "फुटकळ विश्रांतीत माणूस मोठी विश्रांती घालवून बसतो," असे ते म्हणत. तेथले ऋतू उलटे असतात हे कळल्यापासून ऐन वैशाखात ते बहिणीला लोकरीचे कपडे उन्हात घालावयास लावीत आणि मुलांना बजावीत, "तिथे आता थंडी आहे बरं!" घामाने निथळणारी मुले बिचारी माना डोलवीत. तेथले लोक भोपळ्याच्या पात्रातून नळीने कसला तरी कडू पाला पितात, हेही खलाशानेच सांगितलेले. मेहुण्यांनी दुधी वाळवून पोखरला, पपईच्या देठाची नळी केली, आणि पाला मिळेना तेव्हा तसेच कडू काडेचिराईत उकळवले. पाहुण्यांना चहाऐवजी तेच मिळू लागल्यापासून घरी पाहुणे येण्याचे जवळजवळ थांबले. त्या देशात माणसांहून गाई अधिक आहेत, असे त्यांनी एकदा अभिमानाने सांगितले. "मग दूध चांगलं मिळत असेल," बहीण म्हणाली. त्या गाईंचे तेथे पुढे काय होते, हे मेहुण्यांना ठाऊक होते. त्यांनी विषय बदलला.

सर्वांत कठीण होता तो रविवारचा सराव. विश्रांती ही सवयीची गोष्ट आहे, तिकडे जाऊन ऐनवेळी जमावयाची नाही, म्हणून दर रविवारी दुपारी चौघांनी खाडीच्या बांधावर चटई अंथरून बसावयाचे आणि बोलावयाचे नाही. बोलत असत फक्त मेहुणे. शांततेचे फायदे, शांत देशातील लोकांचे आयुर्मान, मुलीने पाय कसे पसरावेत, मुलाने का खाजवू नये, यावर त्यांचे भाषण ओहोटीपासून भरतीपर्यंत चाले. एकदा मीही त्या चटईवर बसलो आहे. बहीण पाण्याकडे पाहत होती. मी हळूच विचारले, "जायचंय का तुला तिकडे?" ती म्हणाली, "दादा, याहून शांत? मी मरून जाईन रे." एवढेच. मेहुण्यांनी तोंडावर बोट ठेवून आम्हा दोघांना गप्प केले.

मी त्यानंतर काही चौकशी केली. उरुग्वेची बातमी वर्तमानपत्रात नसली तरी वाचनालयातल्या परदेशी साप्ताहिकात होती. पुढच्या खेपेस मी मेहुण्यांना सरळ सांगितले, "तिकडे लष्कराचं राज्य आहे. बोलणारी माणसं तुरुंगात आहेत. उरलेली बोलत नाहीत." त्यांचा चेहरा उतरला. ते भोपळ्यातले चिराईत ढवळू लागले. मग अगदी हळू म्हणाले, "म्हणजे ते लोक शांत नाहीत. नुसते गप्प आहेत." बहीण तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "तुम्हाला ओळखता येतं का पण?" ती म्हणाली. मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिले. पण प्रश्न मला नव्हता.

त्याच दिवशी दारात जवळच्या तळवली गावची मासळीवाली आली. आठवड्यातून दोनदा पाटी घेऊन येणारी ती थोराड आगरी बाई म्हणजे बहिणीच्या घरी येणारा एकमेव मोठा आवाज. कोळंबी मोजून देता देता तिने आत पाहिले. "काय गो बाय, तुजे घरान मानसा हायत का कोन मेला हाय? कवाबी येवा त चिडीचूप!" मग पाटी उचलून म्हणाली, "ये आयतवारी माजे पोरीचा लगीन हाय. येशील ना?" बहिणीने नवऱ्याकडे पाहिले. मेहुण्यांनी सवयीने विचारले, "बँड असेल ना?" बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बँड नाय त काय? लगीन का मुक्यानी लावाचा?" मेहुणे काही तरी बोलणार होते; पण बहिणीचा तो प्रश्न अजून घरात होता. "जाऊ," ते म्हणाले.

त्या रविवारी आम्ही तळवलीला गेलो. मेहुण्यांनी कानांत कापूस घातला होता, आणि दुर्दैवाने त्यांना खुर्ची मिळाली ती बँडच्या मोठ्या ढोलाला लागून. ढोल वाजला की त्यांचा चष्मा नाकावरून खाली येई. बहिणीला बायकांनी आत नेले. परसात तांदळाच्या भाकऱ्यांचा कारखाना लागला होता; एक म्हातारी लग्नगीताची ओळ काढी आणि थापणाऱ्या साऱ्या जणी ती उचलीत. दुपारी बँड जेवावयास उठला. तेव्हा परसातून एक हसणे आले, दोन मजले वर जाणारे. तेथे मजले नव्हते म्हणून ते सरळ आभाळात गेले. मेहुण्यांनी एका कानातला कापूस काढला. "दादा, कोण हसतंय हे?" मी म्हणालो, "तुमची बायको." त्यांनी दुसऱ्या कानातला कापूसही काढला आणि परसाच्या दाराशी जाऊन उभे राहिले. ती कोपरापर्यंत पिठात होती, आणि तिचे बोलणे संपत नव्हते. गिरगावच्या सज्जापासून साठलेले सगळे ती त्या अनोळखी बायकांना सांगत होती.

संध्याकाळी निघावयाची वेळ झाली तेव्हा ती बाहेर आली. "अहो, तुम्ही मुलांना घेऊन जा. मी परवा येते, पूजा झाली की." मेहुणे म्हणाले, "आणि मुलांचं जेवण?" मासळीवाली मागे उभीच होती. "पोरां इथंच जेवतीन. तू पन ऱ्हा! गप बसाची हौस हाय ना तुला? मग बस गप." मेहुणे राहिले. त्यांनी दोन दिवसांची रजा घेतली. कचेरीतल्या लोकांना प्रथम त्यांचे काही बरेवाईट झाले असे वाटले. मीही राहिलो, त्याचे कारण सांगण्याची मला गरज वाटत नाही.

त्यानंतर ते बदलले असे म्हणता येणार नाही. भोपळा गेला, चिराईत गेले, पण आवाज त्यांना शेवटपर्यंत सोसला नाही. बहिणीला गिरगावला, तळवलीला जाण्यास मात्र रजा मिळू लागली. ती फार काळ मिळाली नाही. मेहुणे निवृत्तीपूर्वीच गेले, आणि आता त्या घरात खरोखरच आवाज नाही. मी जातो. मला गप्पा मारता येत नाहीत, हे तिलाही ठाऊक आहे.

त्यांना आठवावयाचे म्हटले की मला ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा थांबा आठवतो. लग्न आणि पूजा आटोपून आम्ही तेथे एस.टी.ची वाट पाहत होतो. मुले दगडावर बसून पेंगत होती. बहीण बोलत होती: नवरीच्या सासूविषयी, भाकरीच्या पिठाविषयी, कोणाच्या तरी पळून गेलेल्या दिराविषयी. आणि आयुष्यभर शांततेवर बोललेला तो माणूस पिशवी हातात धरून, तिच्याकडे तोंड करून, एक शब्द न बोलता ऐकत होता. मध्येच एकदा त्याने विचारले, "मग? पुढे काय झालं?" एस.टी. बराच वेळ आली नाही. तिने लवकर यावे, अशी आमच्यापैकी कोणाची घाई होती असे मला वाटत नाही.