उपासाचं मीठ

आज माझ्या नावापुढे पदवी आहे आणि अमरावतीत नोकरी आहे, ती माझ्या मामीमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. अकोटजवळच्या गावातून मी बारावी झालो, तेव्हा वडील म्हणाले, आता कापसाच्या जिनिंगवर कामाला लाग. मामी अकोल्याहून एस.टी.नं आली, माझी पेटी उचलली आणि जठारपेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत मला ठेवून घेतलं. पदवी होईपर्यंत तिच्याच हातचं जेवलो.

मामीला साखर आहे. मी कॉलेजात असतानाच निघाली. पुढे बीपी आलं, मग तळपायाला मुंग्या, मग गुडघे. मामीचं म्हणणं असं, की साखर एकटी नांदायला येत नाही, माहेरची सगळी माणसं सोबत आणते. मामा तिला चिडवायचे, की घरात एवढे जण वाढले तर रेशनकार्डावर नावं घालून घेऊ. यावर ती म्हणायची, आधी तुमच्या घोरण्याचं नाव घाला.

पथ्य मात्र कडक. डॉक्टरांनी गोड बंद केलं, त्या दिवसापासून लग्नातल्या जिलेबीकडे तिनं पाठ फिरवली. बीपीसाठी मीठ कमी करायला सांगितलं, तर तिनं मिठाचा डबाच शेजारी देऊन टाकला. माझ्या घरात मीठ नाही, असं ती गल्लीतल्या बायकांना ऐटीत सांगायची. तरी बीपी काही उतरेना. डॉक्टर गोळी वाढवत गेले आणि मामी डॉक्टरांच्या यंत्रावर संशय घेत गेली.

गेल्या हिवाळ्यात तिच्या लघवीच्या तपासणीत प्रथिनं निघाली. मी रजा टाकून तिच्यासोबत दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, साखर आणि बीपी मिळून किडनीवर ताण आणत आहेत. अजून सुरुवात आहे, पण बीपी खाली आलं नाही तर पुढे डायलिसिसची पाळी येऊ शकते. गल्लीतल्या एका बाईंची त्यासाठी होणारी ये-जा मामीनं पाहिली होती. परतताना रस्ता चुकल्याबद्दल ती ऑटोवाल्यालाही काही म्हणाली नाही, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

घरी येऊन तिनं मला वाढलं. भाकर, अंबाडीची भाजी आणि तुरीचं वरण. वरण नेहमीसारखंच चवदार. बिनमिठाचं वरण इतकं चांगलं कसं लागतं, असं मी सहज विचारलं.

“सैंधव टाकतो न मी,” मामी म्हणाली.

सैंधव पण मीठच आहे, असं मी म्हणताच तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

“मीठ असतं तं उपासाले चाललं असतं का? देवाले चालते, तं डॉक्टरले कावून नाई चालन?”

मामांनीही मान हलवली. उपासाला साधं मीठ चालत नाही, सैंधव चालतं, म्हणजे सैंधव मिठात मोडतच नाही, हा त्या घरचा हिशेब होता. आणि मीठ नाहीच म्हटल्यावर हातही जरा सैल सुटत होता. गल्लीतल्या बीपीवाल्या बायकांनाही तिनं सैंधवच लावून दिलं होतं. मी बी.एस्सी.ला शिकलेलं सगळं रसायनशास्त्र पणाला लावलं. दोन्ही जवळपास एकच, फक्त रंग वेगळा, आणि शरीर काही पंचांग पाहून मीठ घेत नाही, असं सांगितलं.

“तुले शिकवलं हेच चुकलं माह्यं,” मामी म्हणाली. मामा खळखळून हसले. मग हातातला डाव तसाच धरून तिनं हळूच विचारलं,

“मंग बाबू, किडनी मीच खराब केली का माही?”

मामांचं हसू थांबलं. तसं नाही गं, असं काहीतरी मी पुटपुटलो आणि संध्याकाळच्या गाडीनं अमरावतीला आलो. नंतर फोनवर मी हा विषय काढला, की ती माझ्या पोटाच्या घेराची चौकशी करायची आणि फोन ठेवून द्यायची. म्हणून शेवटी कागदावर लिहिलं, तिला चष्म्याशिवाय वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात, आणि पोस्टानं पाठवलं.

मामी,

तू विचारलंस त्याचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. मी डॉक्टरांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, इतक्या वर्षांच्या साखरेनं किडनीला त्रास होऊ शकतोच. सैंधवामुळे बीपी उतरलं नसेल, पण सगळं त्याच्यामुळे झालं असं नाही. तुला मीठ कमी कर म्हणून सांगितलं आणि तू डबाच देऊन टाकलास. याहून जास्त कोणी काय ऐकतं?

आता सैंधवही कमी कर, चतुर्थीलासुद्धा. लोणचं-पापड नको. वरणात लिंबू पिळून पाहा. मामा तोंड वाकडं करतील, तर त्यांचंही बीपी मोजून घे. उपास धरायच्या आधी गोळ्यांचं डॉक्टरांना विचार. आणि गल्लीत ज्या बायकांना तू सैंधव लावलंस, त्यांना तूच सांग. माझं त्या ऐकणार नाहीत.

पुढच्या तपासणीला मी येतो. जेवायला तुझ्याकडेच आहे, अळणी तर अळणी. मला अजून पुष्कळ वर्षं तुझी बोलणी खायची आहेत.

तुझा भाचा