भावानं केलेलं ब्रेकचं काम

करंजी घाटात जीपचं पेडल माझ्या पायाखालून गेलं, तेव्हा आत नऊ माणसं होती. एकदम नाही गेलं. मी दाबून धरलं होतं, तरी हळूहळू खाली जात पत्र्याला टेकलं. मी दुसरा गिअर ओढला, हँडब्रेक उपसला आणि गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली. पत्रा फाटला, काचा फुटल्या. शेजारी बसलेल्या म्हातारीचं तोंड समोर आपटलं. गाडी थांबली तेव्हा तिच्या ओंजळीत रक्त होतं आणि तिचे दोन दात.

जीप जुनी, आम्हा दोघा भावांची. मी चालवायचो, धाकटा दुरुस्ती बघायचा. आदल्याच दिवशी त्यानं चारी चाकांचे ब्रेक शू बदलले होते. एकानं मला मोटारसायकलवर पाथर्डीला आणून सोडलं. वाटभर डोक्यात तेवढंच.

धाकटा घराच्या ओट्यावर त्याच्या पोरांसोबत भाकरी खात होता. मी काही विचारलं नाही. चाकाचे नट खोलायची लोखंडी टॉमी भिंतीला टेकवलेली होती. ती उचलली आणि हाणली. पहिला घाव पाठीत बसला. दुसरा त्यानं हातावर झेलला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं, तरी मी थांबलो नाही.

"दादा, काय झालं ते तर सांग!"

"नऊ माणसं मारत हुतास व्हय रं?"

माझ्या बायकोनं मागून कमरेला मिठी मारली. मी तिला झटकलं. तिचं कपाळ चौकटीवर फुटलं. शेवटी शेजाऱ्यांनी मला खाली पाडून धरलं.

सकाळी जीप ओढून गॅरेजात आणली. मिस्त्री वयस्कर माणूस. मी म्हणालो, "भावानं शू बसवताना घाण केली. एखादी नळी ढिली राहिली असंल."

त्यानं चारी चाकं उघडली. कोरडी. नळ्यांचे जोडही कोरडे. ब्रेकच्या तेलाची डबी काठोकाठ.

"तेल भाईर गेलंच न्हाई," तो म्हणाला. "आत बस. दाब आन् धरून ठेव."

पेडल आधी वर घट्ट लागलं, मग सरकत खाली गेलं. दोनदा झटकन मारलं की परत वर यायचं.

त्यानं चाकांकडं जाणाऱ्या रबरी नळ्या चिमट्यांनी आवळून बंद केल्या. "आता दाब."

तरी ते खाली गेलंच.

"चाकांचा दोष न्हाई. पेडल दाबलं की चाकांकडं तेल ढकलतो तो मास्टर सिलेंडर गेलाय."

तो खोलून त्यानं आतला रबरी वॉशर माझ्या हातावर ठेवला. कड झिजून फाटली होती. पाय दाबला की तेल त्या फटीतून आतल्या आत मागं पळायचं. "शूचा काय संबंध न्हाई. हे लई दिवसांचं हाय. कुनाच्याच ध्यानात आलं न्हाई?"

आलं होतं. महिन्यापूर्वी भाऊच म्हणाला होता, "दादा, पेडल धरून ठेवलं की बसतंय. मास्टर खोलू." आणि मी म्हणालो होतो, "दोनदा मारलं की येतंय की वर. गाडी उभी ठेवायची न्हाई."

तसाच दवाखान्यात गेलो. त्याचा हात प्लास्टरात होता.

"मास्टरच खराब निघाला," मी म्हणालो.

"म्हायती हाय मला."

मी धाकट्याचे पाय धरायला वाकलो. त्यानं पाय पोटाशी ओढून घेतले.

हाड जुळलं, पण मनगट फिरत नाही. पाना धरवत नाही म्हणून त्यानं दुरुस्ती सोडली, आता शेळ्या राखतो. माझ्याशी बोलतो, कामापुरतं. बायकोच्या कपाळावर वण आहे. माझा आवाज चढला की ती अजून भावाच्या पोरांना घेऊन बाहेर जाते.