फॅक्सचा रकाना

आमच्या शिरूरच्या विमा शाखेत संगणक आला, तेव्हा ग्राहकांची कुठली माहिती भरायची ते पुण्याच्या साहेबांनी ठरवलं. घर क्रमांक, रस्ता, फॅक्स. उसाच्या मळ्यात राहणाऱ्याला कसला आलाय रस्ता! पत्रं परत यायची. चिडून मी एका आप्पांना विचारलं, "तुम्हाला गाठायचं तरी कुठं?"

"तळेगावच्या बाजारात. भेळवाल्यापाशी असतोय की मी!"

मी साहेबांकडे बाजारासाठी वेगळा रकाना मागितला. मिळाला नाही. मग फॅक्सच्या रिकाम्या रकान्यात मी प्रत्येकाचा बाजार आणि बसायची जागा भरली. आमचे एजंट बाजारात जाऊन नोटिसा हातात देऊ लागले.

वर्षअखेरीस पुण्याहून कौतुकाचा फोन आला. सगळ्यात जास्त फॅक्सवाले ग्राहक म्हणे आमच्याच शाखेचे होते. मी आभार मानले.