दोन्ही सिलिंडर उघडे होते

मला राग लवकर येतो आणि चूक उशिरा कळते, असं माझी बायको सगळ्यांना सांगते. ते अर्धंच खरं आहे. चूक मला लगेच कळते. ती तोंडानं सांगायची वेळ आली की मात्र दातखीळ बसते. या दातखिळीपायी मी माझ्या आईचं जे करून ठेवलं ते आता निस्तरता येत नाही.

आम्ही अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला राहतो. मी डेटा सेंटरमध्ये काम करतो. काम थोडक्यात असं, की एक यंत्रणा बंद पडली की दुसरी आपोआप सुरू व्हायला हवी, आणि पहिली बंद पडलीय हे कुणाला तरी वेळेत कळायला हवं. यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, हे मी नव्या लोकांना घसा फोडून सांगत असतो. पुढचं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

काही वर्षांपूर्वी आम्ही एक जुना ट्रेलर घेतला, गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर. आत पलंग, टेबल, शेगडी, फ्रिज, हीटर. जंगलातल्या कॅम्पग्राउंडवर वीज नसली की शेगडीच काय, फ्रिज आणि हीटरही गॅसवर चालतात. त्यासाठी ट्रेलरच्या पुढच्या टोकाला, प्लास्टिकच्या झाकणाखाली, दोन सिलिंडर शेजारीशेजारी बसवलेले असतात आणि मध्ये एक रेग्युलेटर. त्यावरचा खटका ज्या सिलिंडरकडे वळवाल तो आधी वापरला जातो. दोन्ही उघडे ठेवले तर पहिला संपल्यावर रेग्युलेटर आपला आपण दुसऱ्यावर जातो, आणि त्याच्या बोटभर खिडकीतली हिरवी खूण लाल होते. लाल दिसली की रिकामा काढायचा आणि भरून आणायचा. पण त्या खिडकीत रोज डोकावून बघावं लागतं. घंटा वगैरे काही वाजत नाही.

माझ्या एका नागपूरच्या मित्राकडेही असाच ट्रेलर आहे. त्यानं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "सेकंडवाला बंद ठेवत जा यार. पहिला संपला की गॅस जातो, आपण उठून दुसरा उघडतो. म्हणजे संपलेला कळतो तरी." मी त्याला ऑटोमॅटिक या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. तो हसला आणि म्हणाला, "ते ठीक आहे, पण बंद ठेव." मी हो म्हटलं आणि दोन्ही उघडेच ठेवत आलो.

गेल्या वर्षी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. वय चौऱ्याहत्तर. बाबा गेल्यापासून ती नाशिकला एकटी राहते, आणि बहीण पंधरा मिनिटांवर असूनही तिच्याकडे राहायला जात नाही. माझं मी बघते, हे तिचं ठरलेलं वाक्य. तिला धास्ती एकच होती. तिची थोरली बहीण, माझी मावशी, शेवटी शेवटी माणसंसुद्धा ओळखत नव्हती. आपणही विसरायला लागलोय असं मुलांना वाटू नये, म्हणून आई चष्मा सापडला नाही तरी कुणाला विचारायची नाही, गुपचूप शोधत बसायची. बहिणीनं मला फोनवर सांगितलं होतं, "तिकडे असेपर्यंत जरा लक्ष ठेव. एकटी राहू शकेल का, ते तुला काय वाटतं ते सांग." म्हणजे आईचं स्वतःचं घर राहणार की नाही, हे बऱ्यापैकी माझ्या शब्दावर होतं. हे आईलाही ठाऊक होतं.

ऑक्टोबरात आम्ही ट्रेलर घेऊन डोंगरात गेलो. आई, बायको, चौदा वर्षांची मुलगी आणि मी. शेजारच्या जागेवर तो मित्र आणि त्याची बायको. मी सिलिंडरवरचं झाकण उघडलं तेव्हा आई कौतुकानं बघायला आली.

"दोन दोन? इथे नंबर लावावा लागत नाही का रे?"

"नाही. दुकानात पिंजऱ्यात भरलेले ठेवलेले असतात. रिकामा द्यायचा, भरलेला घ्यायचा."

"बरंय बाई. पण दोन्ही उघडे कशाला ठेवतोस? एक संपला की कळणार कसं?"

अगदी मित्राचंच वाक्य. चाळीस वर्षं तिच्या स्वयंपाकघरात एक सिलिंडर शेगडीला आणि दुसरा ओट्याखाली, टोपी लावून, सील न तोडलेला. शेगडीवरचा संपला की तो जोडायचा आणि त्याच दिवशी नवीन नंबर लावायचा. या पद्धतीत तिच्या घरी एकदाही चूल अडली नव्हती.

मी म्हणालो, "आई, हे ऑटोमॅटिक आहे. कळायची गरजच नाही."

पहिल्याच दुपारी आम्ही सगळे तळ्याकडे फिरायला गेलो. परत आलो तर फ्रिज टूंटूं करत होता. बाहेर जाऊन बघतो तो दोन्ही सिलिंडर बंद. आईनं निघताना केले होते. घर सोडताना गॅस बंद करायचा, हे तिच्या हातालाच माहीत. मी तिला बोललो. फार नाही, पण मित्रासमोर बोललो. "आई, इथे फ्रिज गॅसवर आहे. तू याला हात लावू नकोस." ती ओशाळली. "चुकलं रे. सवय." मग मी दोन्ही सिलिंडर उघडले. मी उघडले. माझ्या या हातांनी, एकामागून एक.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी पाण्याचा पाइप गुंडाळत होती. झाकणाच्या फटीतून तिला काहीतरी दिसलं. "बाबा, दॅट लिटल थिंग इज रेड." मी खुर्चीत आडवा झालो होतो. "बघतो नंतर," म्हटलं. दुसरा सिलिंडर उन्हाळ्याच्या सहलीत निम्मा वापरलेला होता आणि मी तो भरून आणला नव्हता, हेही मला त्या खुर्चीत आठवलं. तरी उठलो नाही. हीटर सुरूच होता, फ्रिज सुरूच होता. सगळं चालू असताना कोण उठतं?

तिसऱ्या सकाळी आईची थालिपिठं होती. नाशिकहून भाजणी आणली होती आणि मित्राच्या बायकोला दोन दिवस आधीच सांगून ठेवलं होतं, "रविवारचा नाश्ता माझ्याकडे." माझ्याकडे हा शब्द तिनं किती दिवसांनी वापरला असेल! पहाटेच उठून कांदा चिरला, पीठ भिजवलं. सगळे टेबलाभोवती दाटीवाटीनं बसले. पहिलं थालीपीठ तव्यावर पडलं, तिनं त्याला भोकं पाडली, तेल सोडलं, आणि शेगडी फुसफुसून विझली.

मी बाहेर गेलो. दोन्ही सिलिंडर पूर्ण उघडे, खिडकीत लाल खूण. एकेक उचलून पाहिला, दोन्ही रिकामे. त्या क्षणी मला सगळं कळलेलं होतं.

मित्र माझ्या मागोमाग आलाच. "अरे, दोन्ही एकदम कसे संपले? सेकंडवाला बंद ठेवला होतास ना यार?"

आतून सगळे बघत होते. दार उघडं होतं. आई तव्यापाशी उलथनं हातात धरून उभी होती. मी म्हणालो, "मी ठेवला होता बंद. आईनं परवा बंद-चालू केलं ना, तेव्हा दोन्ही उघडले असणार."

किती सहज बोललो. आवाजही चढवला नाही. उलट, जरा समजूतदार, म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं, असा सूर लावला.

आई म्हणाली, "नाही रे. मी फक्त बंद केले होते. उघडले नाहीत."

"आई, आठव जरा."

बस्स, हे दोन शब्द. तिचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. ती आठवू लागली. खरोखर, मनापासून, कपाळाला आठ्या घालून आठवू लागली, आणि जे घडलंच नव्हतं ते तिला आठवेना. मग ती हळूच म्हणाली, "लावला असेल हात. हल्ली लक्षात राहत नाही माझ्या." आणि मित्राच्या बायकोकडे वळून, "माझंच चुकलं गं. तुम्हाला उपाशी ठेवलं."

"काय हो काकू, होतं असं," ती म्हणाली. "आमच्या शेगडीवर करू की." सगळे तिकडे गेले. आईनं तिथे थालिपिठं थापून दिली, पण शेगडीजवळ गेली नाही. "गॅस तुम्ही लावा. मी नुसती थापते." माझी बायको माझ्याकडे बघत होती. मी तिची नजर चुकवली.

सिलिंडर बदलून आणायला मी मुलीला घेऊन गेलो. वाटेत ती म्हणाली, "बाबा, इट वॉज रेड यस्टरडे. आय टोल्ड यू. आजी डिडन्ट डू एनीथिंग." मी समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणालो, "मोठ्यांच्यात तू बोलू नकोस." माझ्याच बापाचं वाक्य, ज्याचा मला लहानपणी संताप यायचा. ती खिडकीकडे तोंड करून बसली. येताना मला पुष्कळ वेळ होता. वीस मिनिटांचा रस्ता, मागे दोन भरलेले सिलिंडर. आल्याबरोबर सांगून टाकू, असं मी दोनदा ठरवलं. आलो तर सगळे हसतखेळत खात होते आणि माझ्यासाठी दोन थालिपिठं लोण्यासकट झाकून ठेवली होती. मूग गिळून गप्प बसलो आणि थालिपिठं खाल्ली.

घरी परतल्यावर आईनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली. गॅस बंद केला की पेन्सिलीनं एक बारीकशी टिकली. सकाळची एक, दुपारची एक, संध्याकाळची एक. एकदा दुपारी ती वरून लगबगीनं जिना उतरत आली, कठडा घट्ट धरून, आणि शेगडीची चारही बटणं चाचपून पाहिली. बंद होती. टिकली करायची तेवढी राहिली होती. मी डायनिंग टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलो होतो. ती माझ्याकडे बघून कसनुसं हसली. "बघ, खूण करायलाही विसरते." मला लाज वाटली, अंग चोरून घ्यावं इतकी वाटली. आणि तरी मी म्हणालो, "असू दे गं आई." एवढंच म्हणालो.

बहिणीनं विचारलं तेव्हा मी काहीच सांगितलं नाही, ना बरं ना वाईट. पण सांगायची गरजच पडली नाही. आईनं नाशिकला पोचल्यावर तिला स्वतःच सगळं सांगितलं, त्या सिलिंडरांसकट. महिन्याभरात आईच्या घरातले दोन्ही सिलिंडर परत गेले. आता ओट्यावर एक इंडक्शनची शेगडी आहे, आणि दुपारचा डबा बहिणीकडून येतो. इंडक्शनवर भाकरी जमत नाही म्हणून भाकरी बंद. थालीपीठही बंद. व्हिडिओ कॉलवर आईनं मला तो मोकळा ओटा दाखवला. "बरंच झालं. माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही रे आता."

त्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आई, थांब. ऐक. ते सिलिंडर तू उघडले नव्हतेस. मी उघडले होते. मला आदल्या दिवशी लाल खूणही कळली होती. मी सगळ्यांसमोर खोटं बोललो."

ती ऐकत राहिली. मला वाटलं चिडेल. चिडली असती तर माझा जीव भांड्यात पडला असता. पण तिचे डोळे भरून आले आणि ती हसली.

"किती रे तुला माझी काळजी."

"आई, खरं सांगतोय मी! हिला विचार." मी मुलीला हाक मारली. ती आली, स्क्रीनसमोर बसली आणि म्हणाली, "आजी, बाबा इज राइट. आय सॉ इट. इट वॉज रेड."

"तिलाही पढवून ठेवलंस होय?" आई म्हणाली. "असू दे. मी मनाला लावून घेत नाही. तूही घेऊ नकोस."

मग मी बहिणीला फोन करून सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता मला कळून काय उपयोग? तिलाच गॅस नकोय." पुढच्या आठवड्यात तिचाच फोन आला. आवाज नेहमीपेक्षा कोरडा.

"तुला म्हणून सांगते. आई सोसायटीत सगळ्यांना सांगत सुटलीय, मुलगा असावा तर असा. म्हणे, चूक माझी, पण स्वतःच्या अंगावर घेतो."